केमोनंतरचा ताप
घरी कॅन्सरच्या रुग्णाची काळजी घेताना नातेवाइकांना नुसतं ‘लागलं तर सांगतो’ म्हणू नका, प्रत्येकाला नेमकं काम नेमून द्या, हे या चर्चेत वर मांडलेलं म्हणणं अगदी पटलं. बायकोची केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) चालू होती तेव्हा शेजारच्या काकूंनी मुलीचा डबा आणि तिला स्कूलबसपर्यंत सोडणं एवढंच अंगावर घेतलं होतं, पण सहा महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पण तापाबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. बऱ्याच केमोंनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी सकाळची वाट बघायची नसते. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या रात्री हिला हुडहुडी भरली. ऑफिस, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास उरकून मी पार थकलो होतो. पॅरासिटामॉल देऊन झोपवणारच होतो. हिनेच थर्मामीटर मागितला. १०१. रात्री साडेबाराला दाखल केलं आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. गोळीने ताप तेवढा दबला असता, आत संसर्ग वाढत राहिला असता, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पाय लटपटले.

त्यानंतर केमोची तारीख, ‘जपायचे दिवस’ आणि वॉर्डचा रात्रीचा नंबर असा कागद फ्रिजवर लावला. त्या दिवसांत मुलगी शाळेतून सर्दी घेऊन आली की काकूंकडे झोपायची. जाताना दारातूनच आईला हात करायची.