पोई फिरवताना मागे वळायचं कसं?

गरगरे: मोज्यात तांदूळ भरून पोई (दोरीच्या टोकाला वजन बांधून हाताने गोल फिरवतात त्या) केल्यात, पुढे फिरवणं जमतं पण मागे वळायला गेलं की दोऱ्या गुंततात नाहीतर थेट डोक्यात, काय चुकतंय?

भोवरा: तू पोई पण वळवायला बघतोयस बहुतेक. त्यांना त्यांच्याच दिशेने जाऊ दे, फक्त तू वळ. दोन्ही एकत्र फिरव, पायाजवळून मागे जायला लागल्या की त्यांच्या मागोमाग वळायचं, मग त्या तुझ्या समोरून वर येतात म्हणजे फिरकी आपोआप उलटी झाली, हात काही वेगळं करत नाही

तिरपागडे: आधी एकाच हाताने कर रे. मी आठवडाभर तेच केलं, शेजारी हसायचे

गरगरे: एका हाताने जमलं!! दोन्ही घेतल्या की हात फाकतात

भोवरा: कोपरं अंगाजवळ ठेव. दोरीही थोडी आखूड कर, न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्यात आखूड नि लांब दोन्ही पोई असतात