वाड्याचा मॅप करायचाय, एडिटर कोणता घेऊ?

दोनचौकी
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. सातारा जिल्ह्यात आमचं आजोळ आहे. तिथला दोन चौकी वाडा उतरवायचं घरात ठरतंय. त्याआधी त्याचा खेळता येईल असा मॅप करून ठेवायची इच्छा आहे. शूटरच हवा, कारण मामे-मावस भावंडं दिवाळीला जमलो की लॅनवर तेच खेळतो. कागदावर नकाशा काढून झालाय, फोटो ढिगाने आहेत. लॅपटॉप आय-थ्री, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोग्रामिंग येत नाही, डिप्लोमाला ऑटोकॅड होतं तेवढंच. यूट्यूबवर जो तो वेगळं नाव घेतो: हॅमर, ट्रेंचब्रूम, अनरियल, ब्लेंडर. सगळं शिकत बसायला वेळ नाही. एकच काहीतरी सांगा.

पिक्सेलराव
अनरियल शीक. पुढे नोकरीलाही उपयोगी पडेल. बाकी सगळं जुनाट आहे.

रात्रपाळी
पिक्सेलराव, त्याने लॅपटॉप कोणता लिहिलाय ते वाचलंत का? त्याच्यावर अनरियल उघडेपर्यंत चहा होईल, आणि तो उघडला की बंद करावासा वाटेल. शिवाय अनरियल म्हणजे गेम नव्हे. पळणं, गोळी लागणं, लॅनवर एकमेकांना दिसणं हे सगळं आधी उभं करावं लागेल. त्याला वाडा बांधायचाय, गेम नाही.

पिक्सेलराव
टेम्प्लेट असतात की. पण ठीक, लॅपटॉपचा मुद्दा मान्य.

तिरकी_भिंत
दोनचौकी, एडिटर आधी निवडू नकोस. वाड्याला काय लागतं ते आधी लिही, एडिटर आपोआप ठरेल. तू सांगितलेल्यावरून मला दिसतं ते असं.

माडी आहे का? असेल तर मूळ डूमच्या फॉरमॅटचा पत्ता कट. डूमचा मॅप वरून बघितलेला सपाट नकाशा असतो. रेघांनी वेढलेल्या प्रत्येक तुकड्याला एक जमीन आणि एक छत, बस्स. ओसरीच्या डोक्यावर माडी, म्हणजे एकाच जागी दोन मजले, त्यात बसत नाहीत.

दिंडी दरवाजा आहे का? मोठ्या दरवाजाच्या फळीत कापलेला, वाकून आत शिरायचा तो. असेल तर मूळ क्वेकही बाद, कारण क्वेकमध्ये खाली बसताच येत नाही. खेळाडू 56 युनिट (गेममधलं माप) उंच, तो कायम 56 च. दिंडी त्याच्याहून उंच करावी लागेल, म्हणजे ती दिंडी राहिलीच नाही. हाफ-लाइफ आणि काउंटर-स्ट्राइक 1.6 मध्ये उभा माणूस 72 युनिटचा आणि बसलेला 36 चा. दिंडी 48 ची ठेव. प्रत्येकाला वाकूनच आत यावं लागेल, आणि आत ओसरीवर कोणी टपून बसला असेल तर काय होईल ते तुझ्या भावंडांना पहिल्याच राउंडला कळेल.

तेव्हा माझं मत: काउंटर-स्ट्राइक 1.6, आणि एडिटर जॅक (याचंच जुनं नाव जॅकहॅमर). तुझ्या लॅपटॉपला हे सगळं हलकं आहे.

बाराखडी
डूमबद्दल थोडं. तिरकी_भिंत म्हणतात ते 1993 च्या मूळ डूमला लागू आहे. जीझीडूम इंजिन आणि यूडीएमएफ फॉरमॅट घेतलात तर थ्रीडी फ्लोअर मिळतात, माडी होते. खाली बसताही येतं. अल्टिमेट डूम बिल्डरइतका झटपट एडिटर मी दुसरा पाहिला नाही. रेघा ओढल्या, उंची दिली, एक कळ दाबली की गेममध्ये. ऑटोकॅडवाल्याला तर घरी आल्यासारखं वाटेल. गेम विकत नको असेल तर फ्रीडूम फुकट आहे.

लॅनवर मात्र जीझीडूम खेळवणं कटकटीचं. त्यासाठी झँड्रोनम हे वेगळं इंजिन आहे, पण मग नवी वैशिष्ट्यं वापरताना तिथे काय चालतं ते तपासत बसावं लागतं. भावंडांबरोबर खेळणं हाच हेतू असेल तर मीही 1.6 म्हणेन. शिकायलाच बसला असता तर डूम सोडून दुसरं काही सुचवलं नसतं.

दोनचौकी
दिंडी आहे! आणि माडीही, रस्त्याकडच्या अंगाला. 1.6 आमच्या सगळ्यांकडे आहे, कॅफेतल्या दिवसांपासून तेच खेळतोय. मग हॅमर का नको? सगळे जुने धडे हॅमरचे दिसतात. आणि ट्रेंचब्रूमचं एवढं कौतुक ऐकतो ते काय आहे?

रात्रपाळी
हॅमर म्हणजे पूर्वीचा वर्ल्डक्राफ्ट. हाफ-लाइफच्या काळात त्यानेच सगळे मॅप झाले, त्यामुळे धडे त्याचे असणारच. गोल्डसोर्स इंजिनसाठी (हाफ-लाइफ आणि 1.6 ज्यावर चालतात ते) त्याची 3.5 आवृत्ती फार जुनी आहे, आजच्या विंडोजवर थ्रीडी खिडकी रखडते. जॅकची मांडणी तशीच आहे: वरून, समोरून, बाजूने आणि थ्रीडी अशा चार खिडक्या. हॅमरचा धडा उघड आणि जॅकमध्ये गिरव, फारसं अडणार नाही. लिनक्सवरही चालतो. काउंटर-स्ट्राइक 2 चा हॅमर हे वेगळंच प्रकरण, नाव तेवढं सारखं. त्याच्या वाटेला या मशीनवर जाऊ नकोस.

ट्रेंचब्रूमचं कौतुक रास्त आहे. फुकट, मुक्तस्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर. त्यात थेट थ्रीडी दृश्यातच भिंत ओढायची, कापायची. क्वेकचा मॅप करणारे बहुतेक जण तेच वापरतात, बरोबर एरिकडब्ल्यू-टूल्स हे कंपायलर. हाफ-लाइफचे मॅपही त्यात होतात. पण काउंटर-स्ट्राइकच्या वस्तू, म्हणजे बॉम्बची जागा, खरेदीचा झोन वगैरे, दिसायला त्या गेमची एफजीडी फाइल आपण जोडायची.

तिरकी_भिंत
ज्याने ऑटोकॅड केलंय त्याला चार खिडक्या सोप्या जातात, म्हणून मी जॅक म्हणालो. ज्याने कधीच काही काढलेलं नाही त्याला ट्रेंचब्रूम. दोन्ही एकेक संध्याकाळ वापरून बघ: एक खोली, एक दरवाजा, एक दिवा. ज्यात हात अडखळत नाही तो ठेव. दोन्हीकडून शेवटी निघते साधी मजकुराची .मॅप फाइल, त्यामुळे नंतर पक्ष बदललास तरी काम वाया जात नाही. मॅप फॉरमॅट तेवढा दोन्हीकडे व्हॉल्व्ह 220 ठेव.

खरा वेळ एडिटर खातच नाही, कंपायलर खातो. .मॅपचा खेळता येणारा .बीएसपी करायला चार प्रोग्राम ओळीने चालतात: सीएसजी, बीएसपी, व्हिस (कुठून काय दिसतं ते काढणारा), रॅड (उजेड काढणारा). त्यांचा जुना संच घेऊ नकोस. व्हीएचएलटी घे किंवा त्यावरूनच पुढे झालेला एसडीएचएलटी. रोजच्या चाचणीला व्हिस फास्टवर ठेव आणि रॅड चालवूच नकोस. मॅप सगळीकडे भगभगीत उजेडाचा दिसेल, पण चालून बघायला तेवढं पुरतं. पूर्ण कंपाइल झोपताना लाव.

जुना_कॅफेवाला
वाडा म्हटल्यावर राहवलं नाही. मोजमापाचं सांगतो. या इंजिनात ढोबळमानाने 1 युनिट म्हणजे 1 इंच. तुझ्या कागदावर खण किती फुटांचा आहे?

दोनचौकी
काका, पाच फुटांचा. ओसरीला सात खण आहेत.

जुना_कॅफेवाला
म्हणजे 60 युनिट. तुला वाटेल ग्रिडवर बसवायला 64 करू. करू नकोस. खांब 16 चा धरला तर मधे राहतात 48, आणि खेळाडूची रुंदी 32. एकजण कसाबसा जाईल, दुसरा आडवा आला की दोघेही अडकले. खरी मापं गेममध्ये नेहमी कोंदट वाटतात. खण 96 चा घे, उंचीही त्याच मानाने थोडी वाढव. बघणाऱ्याला वाडा तोच वाटेल.

जोत्याचंही बघ. खेळाडू न उडता 18 पर्यंतची पायरी चढतो, नुसत्या उडीत सुमारे 45. ओसरीचं जोतं 40 ठेवलंस तर चौकातून उडी मारून वर येता येईल, आणि पायऱ्यांवरून हळू चालत आलं तर आवाज न करता. एवढ्या फरकाने खेळ रंगतो. माडीच्या जिन्यावर मात्र क्लिप टेक्सचरचा (टेक्सचर म्हणजे ठोकळ्यावर चिकटवायचं चित्र) अदृश्य उतार टाक, नाहीतर चढताना कॅमेरा गचके खातो.

बाराखडी
अगदी. आणि खांबांवरची नक्षी, तोरणं, कमानी यांत पहिला महिना घालवू नको. आधी सगळा वाडा एकाच राखाडी टेक्सचरमध्ये, साध्या ठोकळ्यांनी उभा कर. भावंडांना त्यातच खेळव. कुठून कोण मरतंय ते दिसलं की भिंती हलवायला सोप्या असतात, नक्षी केल्यावर जीव होत नाही.

तिरकी_भिंत
नक्षीच्या खांबांना फंक_डिटेल कर. नाहीतर प्रत्येक खांब आजूबाजूच्या जागेचे तुकडे पाडतो आणि व्हिस रात्रभर दळत बसतं. आणि जॅकमध्ये 'कार्व्ह' नावाचं हत्यार दिसेल. दरवाजाचं भोक पाडायला मोह होईल. हात लावू नकोस. एका भिंतीच्या वेड्यावाकड्या चिंधड्या करून ठेवतं. भिंत सरळ कापायचं हत्यार वेगळं आहे, त्याने तीन तुकडे कर: डावा, उजवा, वरचा.

आता चौकाचं. चौक आकाशाला उघडा, दोन चौकांमधला दरवाजा समोरासमोर, म्हणजे देवडीत उभा राहिलेला माणूस परसदारापर्यंत सगळं बघणार. दोन तोटे. इंजिनला सगळा वाडा एकदम काढावा लागतो, आणि ज्याच्या हाती एडब्ल्यूपी (लांबून नेम धरायची दुर्बिणीची बंदूक) तो राजा. मधल्या बोळाला एक वळण दे किंवा आडभिंत घाल. गडांचे गोमुखी दरवाजे आठव. समोरून दरवाजा दिसत नाही, वळसा घालूनच यावं लागतं. त्या बांधणीत शत्रूची नजर तुटते. व्हिसलाही नेमकं तेच हवं असतं.

उन्हासाठी चौकाच्या माथ्यावर 'स्काय' टेक्सचरचा ठोकळा आणि मॅपमध्ये एक लाइट_एन्व्हायर्नमेंट. त्यात उन्हाची दिशा देता येते. तुमचा पूर्वाभिमुख वाडा असेल तर सकाळची तिरपी उन्हं ओसरीवर आण, छान दिसतं.

दोनचौकी
हे सगळं सोन्यासारखं आहे, धन्यवाद. जॅक उतरवून घेतलाय, देवडी झाली. पण कंपाइल करताना 'लीक' म्हणतोय आणि पुढे सरकत नाही. एका व्हिडिओत सांगितलंय की सगळ्या मॅपभोवती स्कायची मोठी पेटी बांधा, लीक जातं. तसं करू?

रात्रपाळी
नको!! तो व्हिडिओ बंद कर.

तिरकी_भिंत
लीक म्हणजे आतली जागा कुठेतरी बाहेरच्या पोकळीला लागतेय. पेटी घातलीस की लीक जातं खरं, पण मग वाड्याची बाहेरची अंगं, कौलांची पाठ, सगळं 'आत' धरलं जातं. व्हिसचा वेळ आणि गेमचा वेग दोन्ही मातीमोल. कंपायलरने एक पॉइंटफाइल लिहून ठेवली असेल, ती जॅकमध्ये उघड. खेळाडूच्या किंवा दिव्याच्या जागेपासून एक रेघ निघून फटीतून बाहेर जाताना दिसेल. रेघेमागे जा. भिंत आणि छपराच्या जोडात एखाद्या युनिटची फट निघेल बहुधा. आणि दरवाजाने फट बुजत नाही हे ध्यानात ठेव. फंक_डोअर, फंक_वॉल, फंक_डिटेल यांतलं काहीच पोकळी अडवत नाही, साधी भिंतच लागते.

दोनचौकी
सापडलं. दिंडीच्या वर. मोठ्या दरवाजाच्या फळ्या मी फंक_वॉल केल्या होत्या आणि मागे रस्ता बांधलेलाच नव्हता. रस्त्याचा एक तुकडा आणि त्यावर आकाश केलं, झालं कंपाइल.

दोन शेवटचे प्रश्न. माडीच्या लाकडी जाळीचे फोटो आहेत, ते आरपार दिसतील असे कसे लावू? आणि दोन्ही टीम कुठून सुरू होतात ते कसं ठरवायचं?

बाराखडी
जाळीचं मी सांगते. फोटो लहान कर, लांबी-रुंदी 16 च्या पटीत, 256 रंगांत. जिथे आरपार हवं तिथे शुद्ध निळा भर आणि तो निळा पॅलेटमधला अगदी शेवटचा रंग असू दे. टेक्सचरचं नाव { या कंसाने सुरू झालं पाहिजे. वॅड फाइल (टेक्सचर ठेवायची फाइल) करायला वॅली हे जुनं पण बिनतक्रार साधन आहे. मग एक पातळ ठोकळा, त्याला फंक_वॉल, रेंडर मोड 'सॉलिड' आणि एफएक्स अमाउंट 255. यातलं एक जरी राहिलं तरी जाळीऐवजी निळ्या चौकटी दिसतात.

रात्रपाळी
इन्फो_प्लेअर_स्टार्ट म्हणजे काउंटर-टेररिस्ट, इन्फो_प्लेअर_डेथमॅच म्हणजे टेररिस्ट. नावांवरून काही कळत नाही, पाठ करायचं. जितके खेळाडू तितक्या जागा ठेव, आणि जमिनीत रुतू देऊ नकोस. बॉम्बच्या जागेला फंक_बॉम्ब_टार्गेट.

पिक्सेलराव
बॉम्ब माजघरात ठेव. आणि दुसरी जागा परसातल्या आडाजवळ. (बघा, मीही कामाचं बोललो.)

जुना_कॅफेवाला
भावंडांना देताना नुसती .बीएसपी फाइल दिलीस तर तुझे फोटो असलेली वॅड त्यांच्याकडे नसेल आणि मॅप उघडणारच नाही. सीएसजीला वॅडइन्क्लूड हा पर्याय देऊन तुझी वॅड आतच भर. मग एकच फाइल सीस्ट्राइकच्या मॅप्स फोल्डरमध्ये टाकली की झालं. पेन ड्राइव्हवर आधीच वाटून ठेव. लॅनवर ऐनवेळी गेमने उतरवायला घेतलं तर निम्मे जण कंटाळून फटाके उडवायला जातील.

दोनचौकी
खण 96 चा, दिंडी 48 ची, बॉम्ब माजघरात. मामाला राखाडी ठोकळ्यांचा वाडा दाखवला तर म्हणाला, देवघर चुकीच्या बाजूला आहे. ते हलवतोय.