ईव्हो 9 ला ई85 वर चालवायचंय, टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन किती ठेवू?

बूस्टवेडा_मिनियापोलिस
नमस्कार मंडळी, 2006 ची मित्सुबिशी लान्सर ईव्हो 9 आहे माझी, रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोललंय, तर आता फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, मजबूत) पिस्टनच टाकतो म्हटलं. कंपनीचं कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते) 8.8 आहे. इकडे मिनेसोटात ई85 चे (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे) पंप भरपूर, त्यामुळे बारा महिने त्यावरच चालवायची. मशीन शॉपवाला म्हणतो ई85 आहे ना मग बिनधास्त 11 टाक, मित्र म्हणतो 9 च्या वर जाऊच नकोस. रोज ऑफिसला नेतो, मधूनमधून ट्रॅकवर. 450 घोडे (हॉर्सपॉवर) हवेत. काय करू?

ठिणगी
भाऊ 11 नको. इथेनॉल नॉकिंगला (इंधन आपोआप भडकून इंजिनात ठोके बसण्याला) दाद देत नाही हे खरंय, ऑक्टेन 108 च्या आसपास, शिवाय वाफ होताना पेट्रोलच्या अडीच-तीन पट उष्णता ओढतं त्यामुळे आत जाणारी हवा गार होते. पण पंपावर ई85 लिहिलंय म्हणून आत 85 टक्के असेलच असं नाही, अमेरिकेत 51 ते 83 टक्के काहीही चालतं आणि तुमच्याकडच्या थंडीत ते मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर गाड्या सुरूच होणार नाहीत. आणि लांबच्या प्रवासात ई85 मिळालं नाही तर? 11 कॉम्प्रेशनवर साधं पेट्रोल भरून टर्बो गाडी पळवणं म्हणजे जीव मुठीत धरून चालवणं.

मिळणार काय तर कॉम्प्रेशन एक पॉइंट वाढवलं की साधारण 3 टक्के. टर्बोत खरी ताकद बूस्ट (टर्बो आत कोंबतो तो हवेचा दाब) आणि टायमिंगमधून (ठिणगी कधी पडते त्यातून) येते. साब कंपनीची 9-5 बायोपॉवर गाडी बघ, तेच इंजिन पेट्रोलवर 150 घोडे द्यायचं आणि ई85 वर 180, पिस्टन न बदलता! फक्त ई85 वर नॉकिंग ऐकू येत नाही म्हणून ठिणगी आणखी आणखी लवकर पाडत बसू नकोस, एका जागेनंतर पॉवर वाढत नाही, नुसता कनेक्टिंग रॉडवर मार बसतो. माझं मत 10. बूस्ट यायच्या आधी सिग्नलवरून निघताना गाडी हलकी वाटेल, रोजच्या वापरात त्याचाच उपयोग.

कोल्हापूर_मशीनिंग
ठिणगीदादांशी सहमत. एक सांगतो, कॉम्प्रेशन पिस्टननेच वाढव, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून नको. तुझ्या 4जी63 इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, हेड खाली आलं की कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग मागे सरकतं आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधली जागाही कमी होते. आणि कॅटलॉगमधल्या आकड्यावर जाऊ नकोस, हेडवर भोकाची काच ठेवून ब्युरेटने चेंबर मोजून घे. तुझा एक सिलिंडर 499 सीसी, म्हणजे 8.8 ला वर 64 सीसी जागा राहते आणि 10 ला साडेपंचावन्न. सगळा खेळ साडेआठ सीसीचा आहे, जाड-बारीक गॅस्केटने पण आकडा हलतो.

बूस्टवेडा_मिनियापोलिस
वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग 10 फायनल. इंजेक्टर (इंधन फवारणारे) कंपनीचेच चालतील का?

ठिणगी
नाही पुरणार. ई85 ला पेट्रोलपेक्षा तीसेक टक्के जास्त इंधन लागतं, 450 घोड्यांना मिनिटाला हजार-अकराशे सीसी सोडणारे इंजेक्टर घे, पंप पण मोठा. स्पार्क प्लग एक पायरी थंड घे कारण इथेनॉल तापलेल्या प्लगवरून वेळेआधी पेट घेतं. आणि फ्लेक्स सेन्सर (इथेनॉल मोजणारा) बसव म्हणजे बसव, टाकीत किती टक्के आहे ते बघून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतः बूस्ट-टायमिंग कमीजास्त करेल. तोपर्यंत मोजनळीत 50 मिली पाणी, वर 50 मिली ई85, हलवून ठेव, इथेनॉल पाण्यात उतरतं. खालची रेघ 85 वर आली तर 35 मिली इथेनॉल, म्हणजे 70 टक्के. थंडीत जवळच्या फेऱ्या जास्त असतील तर ऑइल लवकर बदल, इंधन ऑइलमध्ये उतरतं.

बूस्टवेडा_मिनियापोलिस
मस्त, सेन्सर आणि पिस्टन दोन्ही आज ऑर्डर करतो. चेंबर मोजले की आकडे इथेच टाकतो.