वेकबोर्डिंगमध्ये पाण्यात पडलेला पहिला कसा येतो? लहान मुलांना कसं समजवावं?

देवबागची आई

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळच्या देवबागचे. माझा भाऊ वॉटर स्पोर्ट्सच्या होडीवर असतो, त्यामुळे बनाना राइड, बंपर, जेटस्की हे शब्द आमच्या पोरांच्या तोंडात बोलायला लागल्यापासूनचे. या दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या मोबाइलवर त्यांना वेकबोर्डिंगच्या, म्हणजे पायांना बोर्ड बांधून, ओढणारी दोरी धरून पाण्यावर उड्या मारायच्या खेळाच्या, स्पर्धांचे व्हिडिओ सापडले आणि आता दुसरं काही बघायलाच तयार नाहीत. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा.

परवा एका स्पर्धेत एकजण मध्येच पाण्यात पडला. दुसरा एकदाही पडला नाही. निकाल लागला तर पडलेला पहिला! धाकट्याने लगेच विचारलं, "आई, तो पडलो मरे, मगे पयलो कसो इलो?" थोरली तर "चिटिंग केलीय" म्हणून उठूनच गेली. गेल्या डिसेंबरात दोघांनी चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा पाहिल्यात. तिथे आधी पोचेल तो जिंकतो, विषय संपला. इथे घड्याळ नाही, शेवटची रेघ नाही, समोर कुणी शर्यतीला नाही.

मी शोधून वाचलं. एक्झिक्यूशन (सफाई), इंटेन्सिटी (जोर आणि कठीणपणा), कॉम्पोझिशन (उड्यांची मांडणी) अशा तीन गोष्टी बघतात म्हणे. मला साधारण कळलं, पण ते पोरांना कसं सांगू? "परीक्षकांना आवडला म्हणून" असं सांगून मला मोकळं व्हायचं नाही. गुण कुणाच्या तरी मर्जीवर मिळतात असं या वयात त्यांच्या डोक्यात बसायला नको.

माडाखाली

आधी हे बघा की व्हिडिओ होडीमागचा आहे की केबलचा. केबल पार्कमध्ये होडीच नसते. वर खांबांवरून तार फिरते आणि ती रायडरला ओढते, उड्या मारायला पाण्यात उतार आणि पाइप लावलेले असतात. दोन्हीकडचे नियम वेगळे, दोन्ही एकत्र दाखवलंत तर पोरं आणखी गोंधळतील. माझ्या मते होडीपासून सुरुवात करा, ती त्यांच्या ओळखीची आहे.

खाडीतला मास्तर

ताई, मी मालवणात लहान मुलांना पोहायला शिकवतो आणि या खेळाचा मला फार नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या थोरलीचा राग मला मनापासून आवडला. जिला न्याय हवा असतो तिलाच परीक्षण नीट शिकवता येतं.

गुणांचं नंतर. आधी दोघांना मालवणच्या जेटीवर घेऊन जा. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या सुरू झाल्यात. होडी निघाली की तिच्या मागे पाण्यात दोन तिरक्या लाटा उठतात आणि मध्ये फेसाळ पट्टा राहतो, तो बोटाने दाखवा. वेकबोर्डिंगच्या होडीत टाक्यांमध्ये मुद्दाम पाणी भरून वजन वाढवतात, म्हणजे होडी खोल बसते आणि लाट मोठी उठते. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास एकसारखा ठेवतात, दोरी साधारण २० मीटरची. रायडर एका लाटेच्या बाहेर लांब जातो, तिथून बोर्डाच्या कडेने पाणी कापत आत येतो, लाटेवर चढतो आणि हवेतून पलीकडे जातो. दुसऱ्या लाटेच्या बाहेरच्या उतारावर उतरला तर उडी पुरी झाली. मध्येच फेसात आपटला तर तोकडी पडली. एवढं एकच ओळखायला शिकली तरी पोरं पडद्यावर वेगळंच बघायला लागतील.

आता ते तीन मोठे शब्द. देवबागात गौरी-गणपतीच्या फुगड्या तुमच्या पोरांनी बघितल्या असणारच. फुगडीच्या स्पर्धेत पाठोपाठ दोन गट येतात. एक गट साधीच फुगडी घालतो, अगदी नीट, शेवटपर्यंत तीच. दुसरा कोंबडा घालतो, कासव घालतो, बसफुगडी घालतो, वेग वाढवत नेतो, आणि मध्ये एका बाईचा हात सुटतो. नंबर कुणाला द्याल, असं पोरांनाच विचारा. आमच्या वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं आपणहूनच बोलतात, "पण त्यांनी कठीण केलं ना!", "पण त्यांनी सगळे प्रकार घातले!" झालं. पहिलं उत्तर म्हणजे इंटेन्सिटी, दुसरं म्हणजे कॉम्पोझिशन. आणि "पण हात सुटला" म्हणणारं एक पोर असतंच, त्याने एक्झिक्यूशन धरलेलं असतं. आकडे सांगायची गरज नाही. ते स्पर्धेगणिक बदलतात, आणि या वयात आकडा आला की पोरं बघायचं सोडून बेरीज करतात.

मग व्हिडिओ लावताना एकेकाला एकच काम द्या.

धाकट्याकडे सफाई. उतरताना गुडघे वाकले का? हात पाण्याला लागला का? बूड टेकलं का? सहा वर्षांच्या पोराचे डोळे यात फार तीक्ष्ण असतात. व्हिडिओ संथ करून त्याला हँडल दाखवा. रायडर हवेत पूर्ण गिरकी घेतो तेव्हा दोरीचं हँडल पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावं लागतं, क्षणभर एकाच हातावर सगळी ओढ असते. तिथे हँडल निसटलं की पुढचं सगळं गेलं. बोर्ड धरण्याचंही तसंच. नुसती बोटं लावून सोडली की हवेत खरंच धरून ठेवला, हे तो बरोबर सांगेल.

थोरलीकडे गिरक्या आणि मांडणी. ३६० म्हणजे एक पूर्ण गिरकी, ५४० म्हणजे दीड, ७२० म्हणजे दोन. नऊ वर्षांच्या मुलीला हे जमतं. पार्क्स बोनिफे या अमेरिकन रायडरने १९९९ मध्ये पहिल्यांदा १०८० उतरवली, म्हणजे हवेत तीन पूर्ण गिरक्या. तिला सांगा, तीच हिशेब मांडेल. मात्र कागदावर तिने एवढंही लिहायचं: गिरकी डावीकडे की उजवीकडे, लाटेकडे तोंड करून चढला की पाठ करून, नेहमीचा पाय पुढे की उलटा, डोकं खाली गेलं का. एकच आवडती उडी चार वेळा मारणाऱ्याच्या कागदावर चारही ओळी सारख्या दिसतात. परीक्षकांना नेमकं तेच खटकतं.

उंची आणि जोर तुम्ही स्वतः बघा. पडद्यावर उंची फसवी दिसते, पोरं त्यात चुकतात आणि हिरमुसतात.

आता पडण्याबद्दल, कारण मुळात प्रश्न तोच आहे. होडीमागच्या बऱ्याच स्पर्धांत एकदा-दोनदा पडलं तरी होडी वळून येते, रायडरला पुन्हा उचलते आणि फेरी पुढे चालू राहते. ज्या उडीवर पडला ती उडी जमेस धरत नाहीत आणि सफाईत फटका बसतो. पण आधीच्या आणि नंतरच्या उड्या कुणी पुसून टाकत नाही. न पडलेल्याने सगळ्या सोप्या, बुटक्या, एकाच बाजूच्या उड्या मारल्या असतील तर तो मागे राहणार. धाकट्याला एवढंच सांगा: पडला ती एक उडी गेली, बाकीच्या त्याच्याच आहेत.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

मास्तरांचं पटलं, एक भर घालते. परीक्षक एकटा नसतो हे मुलांना जरूर सांगा. तिघे-चौघे आपापले गुण देतात आणि ते एकत्र करतात. होडीच्या स्पर्धेत तर परीक्षक बहुधा त्याच होडीत बसून मागे बघत असतात. म्हणजे आपण किनाऱ्यावरून किंवा मोबाइलवर बघतो त्यापेक्षा त्यांना कितीतरी जवळून दिसतं. मुलांचा मर्जीचा संशय यानेच जातो. आणि तरीही माणसाने दिलेले गुण आहेत, घड्याळाने दिलेले नाहीत, हेही लपवू नये. मुलांना खरं सांगितलेलं पचतं.

देवबागची आई

सगळ्यांचे आभार! काल जेटीवर जाऊन आलो. धाकटा आता प्रत्येक होडीच्या मागे बोट दाखवून "हयसून चढतलो, थयसर उतरतलो" म्हणतोय, किल्ल्याकडे कुणी बघेचना. संध्याकाळी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. थोरलीच्या कागदावर न पडलेल्याच्या सगळ्या गिरक्या डावीकडच्याच निघाल्या. ती बराच वेळ कागद बघत बसली आणि म्हणाली, "तो एकाच बाजूने करता." चिटिंगचा शब्द परत निघाला नाही.

पण नवीन भांडण लागलंय. दुसऱ्या एका व्हिडिओत धाकट्याला एक पहिला वाटतो, थोरलीला दुसरा. खरा निकाल आम्ही अजून बघितला नाही. बघू का?

खाडीतला मास्तर

आज बघू नका. आधी दोघांना आपल्या मताचं एकेक कारण सांगू द्या, आणि कारणात "मला आवडला" चालणार नाही. धाकटा म्हणाला हात टेकला, तर तो व्हिडिओत कुठे टेकला ते थांबवून दाखवायला लावा. थोरली म्हणाली गिरकी मोठी होती, तर मोजून दाखवायला लावा. नंतर निकाल बघा. निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला तर तोच व्हिडिओ तुमच्या वाट्याच्या उंचीसाठी पुन्हा लावा. बहुतेक तिथेच काहीतरी राहिलेलं असतं.

आणि एक. शेवटच्या उडीआधी होडी गोल वळून स्वतःचीच लाट कापताना दिसली तर पोरांना आधीच सावध करा. दोन लाटा एकमेकींवर चढून तिथे मोठा उंचवटा तयार होतो, त्याला डबल अप म्हणतात. रायडर आपली सगळ्यात मोठी उडी त्यासाठी राखून ठेवतात. पडायचे तेही बऱ्याचदा तिथेच पडतात.