धक्क्यावरच्या नोंदी: क्रेट सगळे ३० किलोचे, लांबी ० नाहीतर ५ वरच, टीमचं काम तपासायचं कसं?

खाडीकाठ:
पाच नोंदणीस (धक्क्यावर उतरणारी मासळी मोजून लिहिणारे), दोन धक्के. ऑक्टोबरचे तक्ते जुळवताना तीन गोष्टी खटकल्या. क्रेटचं वजन सगळीकडे ३० किलो. बांगड्याची लांबी मिलिमीटरमध्ये, पण शेवटचा आकडा बहुतेक ठिकाणी ० किंवा ५, आणि बारीक मासा जवळजवळ नाहीच. एका दिवशी ४४ ट्रॉलर लागले, नोंद ११ बोटींची, पण त्या अकराही सकाळी ६ ते साडेसातमधल्या. मुलं मेहनती आहेत, कुणी घरी बसून फॉर्म भरत नाही. मग चूक शिरते कुठे?

मोजपट्टी:
११ हा आकडा बरोबर आहे, निवड चुकली आहे. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) पद्धतीत दिवसाला १५ पर्यंत बोटी असतील तर सगळ्या घ्यायच्या, १६ ते १९ असतील तर पहिल्या १० आणि उरलेल्यांतल्या निम्म्या. २० ते २९ ला दोनांत एक, ३० ते ३९ ला तिनांत एक, ४० ते ४९ ला चारांत एक, ५० आणि वर पाचांत एक. तुमच्या ४४ ला चारांत एक. आधी १ ते ४ मधली चिठ्ठी काढा. ३ आली तर ३, ७, ११ करत ४३ वी बोट, म्हणजे ११ बोटी दिवसभरात विखुरतात. पहिल्या ११ घेतल्या की पहाटे परतणाऱ्याच बोटी पदरात पडतात. आठ-दहा दिवस बाहेर राहून राणीमासा, माकूल (स्क्विड), बळे (रिबनफिश) घेऊन उशिरा लागणारी बोट तक्त्यात येतच नाही.

किती बोटी लागतील ते आधी कळत नाही, ही खरी अडचण. आदल्या संध्याकाळी सोसायटीत आणि दलालांकडे विचारा, त्यावरून अंतर ठरवा, आणि प्रत्येक बोटीला एक रेघ अशी मोजणी शेवटपर्यंत चालू ठेवा. गुणक (नमुन्यावरून एकूण काढायला ज्याने गुणायचं तो आकडा) काढताना अंदाज नाही, ती रेघांची बेरीज वापरायची. गिलनेट, पर्ससीन अशा दुसऱ्या जाळ्यांच्या बोटींच्या रेघा वेगळ्या कागदावर.

क्रेटचं सांगतो. ३० हा आकडा ‘धरलेला’ आहे, मोजलेला नाही. प्रत्येक नमुना-बोटीचे निदान ५ भरलेले क्रेट काट्यावर घ्या, बर्फ झटकून, पाणी निथळू देऊन, आणि रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून. बर्फाचे ३ किलो राहिले तर ३० ला १० टक्के फुगवटा, आणि तो महिन्याच्या एकूण उत्पादनापर्यंत तसाच जातो. फिशमीलला जाणारा कुट्टा (बारीक, टाकाऊ मासळी) वेगळा मोजा. तो लिलावात दिसत नाही म्हणून फॉर्ममधूनही गळतो, आणि तुमची बारीक मासळी बहुधा तिथेच बसली आहे.

डोलपट्टा:
दिवस कोण ठरवतं तेही बघा. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग. पहिल्या ५ तारखांतून एक चिठ्ठीने काढायची. ४ आली तर ४-५, ६-७, ८-९ या जोड्या, मग दहा-दहा दिवसांनी त्याच: १४-१५ पासून, २४-२५ पासून. जोडीच्या पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२, मधल्या रात्रीची माहिती विचारून.

सण किंवा वाऱ्यामुळे धक्का रिकामा असेल तर शून्य लिहायचं, तारीख हलवायची नाही. डोल जाळं एका जागी बांधलेलं, त्याचं सगळं गणित पाण्याच्या ओढीवर असतं. भांगेचे (कमी ओढीचे) दिवस टाळून उधाणाचेच दिवस पकडले, तर बोंबील-जवळ्याचा आकडा फुगणारच.

मोजपट्टी:
आता लांबी. २०० नोंदींचे शेवटचे आकडे मोजा. नीट मोजलं तर ० आणि ५ मिळून ४० च्या आसपास येतात. ८० च्या वर गेले तर पट्टी अंदाजाने वाचली जाते आहे. उपाय साधा: तोंड टेकवायला आडवी फळी असलेला मोजपाट, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, लिहिणाऱ्याने आकडा परत उच्चारायचा. बांगडा, सुरमई, पापलेटला शेपटीच्या बेचक्यापर्यंत. बळ्याची शेपटी बऱ्याचदा तुटलेली असते, म्हणून तोंडापासून गुदद्वारापर्यंत. माकुळाची फक्त पाठीची पिशवी.

टोपलीच्या वर विकणाऱ्याने मोठा मासा लावलेला असतो. वरचा थर उचलू नका. एका कडेने तळापर्यंत घ्या, आणि जो येईल तो प्रत्येक मासा मोजा.

खाडीकाठ:
पापलेट आधीच निवडून मोठं, मध्यम, बारीक असं येतं. तिन्हींतून ५-५ किलो घेतलं तर चालेल?

मोजपट्टी:
चालेल, पण बेरीज थेट करू नका. मोठं २० किलो, मध्यम ६०, बारीक १२० असेल तर गुणक ४, १२ आणि २४. गुणक न लावता तिन्ही नमुने एकत्र केले की बारीक माल वजनाने एक तृतीयांश दिसतो, प्रत्यक्षात तो ६० टक्के आहे.

वलय:
ओळख पटवण्याचंही काम तपासा. सुरमई आणि तोवर एकाच नावाने लिहिले जातात. अंगावरचे ठिपके-पट्टे बघून छोट्या माशात फसायला होतं. बाजूची रेघ बघा: सुरमईत ती पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते, तोवरमध्ये हळूहळू उतरते. नाव नक्की नसेल तर स्थानिक नाव, पट्टीसह फोटो आणि एक मासा बर्फात. अंदाजाने शास्त्रीय नाव लिहिलेलं मला मुळीच मान्य नाही, ते नंतर दुरुस्त होत नाही.

तुमची तपासणी ऑफिसात नको, धक्क्यावर हवी. न सांगता जा, नोंदणीसाने मोजलेल्याच टोपलीतले ३० मासे तासाभरात स्वतः मोजा, दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा. प्रत्येक माणसाला महिन्यातून एकदा. चूक सापडली तर जुना फॉर्म खोडायचा नाही, दुरुस्ती शेजारी लिहून तारीख आणि सही.

आणि एक फार महत्त्वाचं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, तेव्हापासून मोजपाट दिसला की खलाशांना दंडाची भीती वाटते आणि बारीक माल आत राहतो. नोंदणीसाला कारवाईच्या पथकाबरोबर एकदाही पाठवू नका, एका गाडीतूनसुद्धा नाही. बोटीचं नाव-नंबर फॉर्मवर सांकेतिक क्रमांकाने लिहा, आणि ते तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) फॉर्म दाखवून सांगा.