मदत हवी आहे: सागवानी देव्हाऱ्यावरचे लाखेचे पॉलिश पावसाळ्यात पांढरट पडते

नमस्कार.

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो आणि नोकरी सांभाळून घरच्या घरी सुतारकाम करतो. सध्या बहिणीच्या नव्या घरासाठी सागवानाचा देव्हारा करत आहे. रुंदी दीड फूट, उंची अडीच फूट, वर लहानसा कळस, पुढे जाळीची दोन दारे आणि खाली उदबत्ती, वाती, कापूर ठेवण्यासाठी एक खण. सुतारकाम संपले आहे, पॉलिश मात्र अडले आहे आणि देव्हारा गणपतीच्या आधी तिच्याकडे पोहोचवायचा आहे.

लाखेचे पॉलिश मी विचारपूर्वक निवडले. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही रासायनिक पॉलिशे चढवली की लाकडावर एक वेगळा थर बसल्यासारखा दिसतो, आणि पुढे कधी ओरखडा पडला तर बहुधा सगळा भाग घासून नव्याने करावा लागतो. लाखेचे तसे नाही. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे बऱ्याच वर्षांनीसुद्धा जेवढे बिघडले तेवढेच दुरुस्त करता येते. शिवाय पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याच्या स्रावापासून तयार झालेली ही वस्तू आहे. स्पिरिट उडून गेल्यावर तिला वास राहत नाही, आणि सागवानाचा मूळचा पिवळसर तपकिरी रंग तिच्याखाली जसा उजळतो तसा दुसऱ्या कशाखाली उजळलेला मी पाहिलेला नाही. इथून जवळच मिरजेत सतारी आणि तंबोरे लाखेच्या पॉलिशने झळाळतात, ते पाहूनच हे काम शिकण्याची ओढ लागली.

आतापर्यंत काय केले ते सांगतो. चपडा (लाखेचे सुके पापुद्रे) कुटून एक लिटर डिनेचर्ड स्पिरिटला २४० ग्रॅम या प्रमाणात काचेच्या बरणीत रात्रभर भिजवला, मधूनमधून हलवला आणि मलमलीतून गाळला. लोखंडी डब्यात लाख काळपट पडते, म्हणून डबा टाळला. लाकूड ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घेतले, सागवानाची उघडी रंध्रे खडूची पूड आणि थोडी पिवडी (पिवळी माती) यांच्या मिश्रणाने भरली, आणि पहिल्या हातासाठी द्रावण तेवढेच स्पिरिट घालून निम्मे पातळ केले. पुढचे हात मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने देत आहे.

सुरुवातीचे हात उघडीप असताना दिले आणि ते स्वच्छ बसले. त्यानंतर संततधार लागली. आमचे घर जुने, भिंती दगडी आणि पंचगंगा जवळ, त्यामुळे या दिवसांत घरात दमटपणा इतका असतो की कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. अशा हवेत बोळा फिरवून पुढे गेलो की मागच्या भागावर, काचेवर श्वास सोडावा तशी, धुरकट झाक येते. दारांच्या चौकटीवर ती कमी आहे, मागच्या फळीवर आणि छताच्या आतल्या बाजूला जास्त. त्याखेरीज लाकडाच्या रेषांमध्ये बारीक पांढऱ्या रेघाही दिसू लागल्या आहेत, आणि दुपारी ऊन पडले तरी त्या तशाच राहतात.

ओळखीच्या एका पॉलिश मिस्त्रींनी दिवाळीपर्यंत लाखेला हात लावू नका असा सल्ला दिला. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

दुसरी काळजी निरांजनाची. घरातल्या वडीलधाऱ्यांनी लाक्षागृहाची आठवण काढली, आणि ती शंका मला उडवून लावावीशी वाटत नाही. देव्हाऱ्यात रोज सकाळ-संध्याकाळ दिवा लागणार. लाखेचा थर त्या धगीला टिकेल का? तिसरी गोष्ट अशी की पूजेची भांडी धुऊन ओलीच आत ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. देव्हाऱ्याच्या तळाला पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून काय करावे? तळावर पीयू चढवायचे झाले तर लाखेवर ते धरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते आपल्या देव्हाऱ्यावर दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

धुरकट झाक ही हवेतल्या ओलाव्याची आहे. स्पिरिट झपाट्याने उडते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, म्हणून तो भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा गार पडतो. हवेचे तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर पृष्ठभाग दोन अंशांपेक्षाही कमी गार होताच त्यावर दव धरते. आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्यासाठी सुमारे आठ अंश गार व्हावे लागते. उघडीप असताना दिलेले हात स्वच्छ का बसले आणि संततधारेत का बिघडले, याचे कारण एवढेच आहे. मागची फळी आणि छत हे भाग दमट, कोंदट जागेत येतात, म्हणून तिथे झाक जास्त.

तेव्हा एक लहान खोली निवडा, खिडक्या लावून घ्या आणि कामाच्या आधी काही तास तिथे हीटर किंवा मोठा बल्ब लावून हवा व लाकूड दोन्ही कोमट करून घ्या. बरणीही त्याच खोलीत ठेवा. मात्र बरणी उघडण्यापूर्वी हीटर बंद करून खोलीबाहेर काढा. स्पिरिटची वाफ पेट घेते, त्यामुळे शेगडी, उदबत्ती, देवाचा दिवा यांपैकी काहीही त्या वेळी खोलीत नको, आणि वाफ कोंडू नये म्हणून दार किलकिले ठेवा. पंखा लावू नका, कारण वाऱ्याने स्पिरिट अधिक वेगाने उडते आणि पृष्ठभाग अधिक गार पडतो. हात अगदी पातळ द्या. स्पिरिटमध्ये ब्युटॅनॉल (सावकाश उडणारे अल्कोहोल) अल्प प्रमाणात मिसळले की उडण्याचा वेग मंदावतो आणि झाक धरण्याचे प्रमाण कमी होते. त्याचा वास उग्र असतो, पण सुकल्यावर जातो.

आधीची झाक खरवडू नका. कोरड्या दुपारी बोळ्यावर नुसते स्पिरिट नाममात्र घेऊन हलक्या हाताने एकदा फिरवा. वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि लाख पुन्हा नितळ होते.

रेषांमधल्या पांढऱ्या रेघा मात्र खडूच्या आहेत, असे मला वाटते. खडूची पूड ओली असताना रंगात मिसळून जाते, पण पूर्ण सुकल्यावर फिकी पडते आणि लाखेखालून उठून दिसते. म्हणूनच ऊन पडले तरी त्या जात नाहीत. सगळे उकरण्याची गरज नाही. पातळ लाखेत पिवडी आणि किंचित गेरू मिसळून तो हात रेषांच्या दिशेने द्या, जास्तीचा रंग लगेच पुसून घ्या आणि त्यावर स्वच्छ लाख चढवा. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर छटा जुळवून पाहा.

प्रतिसाद २

धगीविषयी लिहितो. लाख साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. निरांजनाचा तळ बराच वेळ तापत राहिला तर त्याखाली खूण उमटणारच, त्यामुळे निरांजन थेट लाखेवर ठेवू नये. लाक्षागृहाविषयी वडीलधाऱ्यांना सांगा की सुकलेल्या लाखेचा थर कागदापेक्षाही पातळ असतो आणि खरा धोका ओल्या स्पिरिटचा आहे. पॉलिश पूर्ण कडक होईपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, आत दिवा लावू नये हे उत्तम. तोवर निरांजन देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवता येईल. पण ज्योत छताच्या जवळ असेल तर लाख असो वा नसो, सागवान करपेल. निरांजनाच्या वर भरपूर मोकळी जागा हवी, आणि ती नसेल तर छताच्या आतून पितळी पत्रा थोडे अंतर सोडून बसवावा. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात तो मापाने कापून, कडा वाकवून मिळेल.

तळासाठी माझे मत स्पष्ट आहे: तिथे कोणत्याही पॉलिशवर विसंबू नका. कडप्प्याची पातळ लादी मापात कापून बसवा. ओली भांडी आणि निरांजन दोन्हींचा प्रश्न सुटतो, आणि ती उचलून धुताही येते. लाखेवर घटकाभर सांडलेले पाणी पुसले तर काही होत नाही, पण भांड्याखाली साचून राहिलेले पाणी पांढरे वर्तुळ सोडते. साबण किंवा राखेचे पाणी त्याहून वाईट, कारण क्षाराने लाख विरघळते. पीयू लावायचेच झाले तर साध्या चपड्यातल्या मेणामुळे ते नीट धरत नाही. बरणी काही दिवस न हलवता ठेवली तर मेण तळाशी बसते, मग वरचे नितळ द्रावण अलगद ओतून घ्यावे. दुकानात मेण काढलेली लाखही मिळते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खडूचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नसता. तळाला कडप्पा आणि छताला पितळी पत्रा हे दोन्ही करतो, आणि माजघर बंद करून तिथेच उरलेले हात देतो. एकच विचारायचे राहिले: पत्रा बसवायला साधे लोखंडी स्क्रू चालतील का?

प्रतिसाद २

नकोत. दमट हवेत लोखंड आणि सागवान यांचा संयोग झाला की लाकडात काळे डाग उतरतात, आणि ते लाखेखालूनही दिसतात. पितळी स्क्रूच घ्या. ते मऊ असतात, म्हणून आधी भोक पाडून त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, म्हणजे पितळी स्क्रू पिळताना डोके तुटणार नाही. पत्रा आणि छत यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूवर पितळी नळीचा अर्ध्या इंचाचा तुकडा घाला, तेवढे अंतर पुरेल.