हॉल आहे की दवाखान्याची वेटिंग रूम? घरपण आणायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी बहिणीचा सात वर्षांचा मुलगा आला, सोफ्यावर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, आपला नंबर कधी?" सगळे खो खो हसले. मीही हसले, पण तेव्हापासून हॉलमध्ये बसलं की मलाही कंपाउंडर दिसायला लागलाय.

पुण्यात कर्वेनगरला फ्लॅट आहे. हॉल १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ. बिल्डरने दिलेला पांढराफटक रंग, चकचकीत क्रीम टाइल्स, राखाडी रेक्झिनचा सोफा, टीव्ही आणि वर दोन ट्यूबलाइट. पश्चिमेला बाल्कनी, संध्याकाळचं ऊन छान येतं. तेवढा अर्धा तास हॉल बरा दिसतो.

एका इंटीरियरवाल्यांना दाखवलं. फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल, एकूण २ लाख १० हजार. सीलिंगमध्ये सहा-आठ इंच उंची जाणार ती वेगळीच. चित्र बघून वाटलं, दवाखान्यातून उठून हॉटेलच्या रिसेप्शनला बसायचं! नवऱ्याला मात्र आवडलंय, त्यामुळे इथे बहुमत हवं आहे. आमचं बजेट ६० हजार. फरशी उखडायची नाही, सासूबाईंना धूळ सोसत नाही.

आता खरा प्रश्न. कोकणातल्या घराच्या वाटणीत माझ्याकडे सागवानी झोपाळा आलाय. पाच फुटी फळी, पितळी कड्या. गेली तीन वर्षं चादरीत गुंडाळून बेडरूममध्ये भिंतीला टेकवलाय. तो हॉलमध्ये आला तर बाकी काही नसलं तरी चालेल असं मला वाटतं. पण स्लॅबला हूक नाहीत. नंतर बसवता येतात का? आडवा टांगला तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात, मग बाल्कनीकडे जायची वाट अडेल का?

शिवाय सोफ्यामागची १६ फुटी भिंत गेरूच्या रंगाची करावी की टीव्हीची छोटी? मोठी केली तर खोली अंगावर येईल अशी भीती वाटते. आणि रेक्झिनवर सोलापुरी चादर घातली की दहा मिनिटांत घसरून खाली, त्यावर काही उपाय?

भर: एवढे प्रतिसाद! दिव्यांचं ज्यांनी सांगितलं त्यांना साष्टांग. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो (उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा, कमी आकडा म्हणजे पिवळसर) हेच मला माहीत नव्हतं. आमच्या ट्यूब ६५०० च्या, म्हणजे निळसर पांढऱ्या. काल २७०० चे दोन बल्ब आणले, एक कोपऱ्यातल्या उभ्या दिव्यात, एक सोफ्यामागे. तीच भिंत सायीसारखी दिसायला लागली, खर्च हजाराच्या आत. सासूबाईंना त्यात तांदूळ निवडता येत नाहीत, म्हणून एक ट्यूब वेगळ्या बटणावर ठेवली आहे.

गेरू आता छोट्या भिंतीलाच, तोही दिव्यांबरोबर महिनाभर राहून बघितल्यावर. चादरीचा पाठीकडचा काठ सोफ्याच्या फटीत गुंडाळी करून खोचलाय, टिकलीये.

झोपाळ्याचं मात्र धाडस होत नाही. स्लॅबमध्ये अंदाजाने ड्रिल मारू नका, सळई कापली जाते आणि झोक्याचा हिसका नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो, हे पटलं. टांगायचाच तर बीमला, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून. आमचा बीम नेमका स्वयंपाकघराच्या दारावर आहे! त्यामुळे लोखंडी स्टँड करून घ्यायचा विचार आहे. फळी जमिनीपासून किती उंच ठेवता तुम्ही? सासूबाईंचे पाय टेकले पाहिजेत. कर्वेनगर-कोथरूड भागात नीट काम करणारा फॅब्रिकेटर माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.